येऊन सांगतो

सलीम मला कधीच फोन करायचा नाही. त्या दुपारी कॉलेजच्या लायब्ररीत मोबाईलवर त्याचं नाव दिसलं, तेव्हा मी पुस्तक तसंच उघडं ठेवून बाहेर आले. "अविनाश निघाला का तिकडून?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, केव्हाच निघाला. "मग अजून आला कावून न्हाई?" अंबाजोगाईहून परळी काही लांब नाही. सलीम परळीला स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर थांबला होता. थोड्या वेळानं त्याचा परत फोन आला, या वेळी अंबाजोगाईच्या रस्त्यावरून. मागे माणसांचा गलका होता आणि कुणीतरी गाडीचा नंबर मोठ्यानं वाचत होतं... परळीच्या वीजकेंद्रातून नेताना रस्त्यावर सांडलेल्या राखेवरून मोटारसायकल घसरली, असं संध्याकाळी कळलं.

अविनाशला जाऊन आता दीड महिना झाला. अविनाशबद्दल लिहिण्याचा अधिकार माझ्यापेक्षा सलीमचा जास्त आहे. तो म्हणाला, "तूच लिही. शब्दांचं काम तुझं." हे तो पूर्वी टोमणा म्हणून म्हणायचा.

अविनाश कीबोर्ड वाजवायचा, सलीम ड्रम. गावाबाहेर एक बंद पडलेली जिनिंग आहे, कापसाची. तिच्या शेडमध्ये दोघं सराव करायचे. त्यांचं संगीत स्पेस रॉक या प्रकारातलं. म्हणजे शब्द नाहीत, लांबच लांब वाजत राहणारे सूर, अवकाशात तरंगत गेल्यासारखे. पहिला अल्बम त्यांनी इंटरनेटवर टाकला तेव्हा कुठल्या कुठल्या देशांतून लोकांनी ऐकला. अंबाजोगाईत मात्र कुणाला पत्ता नव्हता. सराव सुरू करायची अविनाशची एक पद्धत होती. तो आधी पंखा बंद करायचा, मग ट्यूब, आणि सगळ्यांना गप्प बसवायचा. शेडच्या मागेच डीपी आहे, विजेचा. सगळं शांत झालं की त्या डीपीची घूं ऐकू यायची. त्या सुराला तो कीबोर्ड लावायचा. "हा परळीवरून येतो, तिथं कोळसा जळतो तवा हितं वाजतो," तो म्हणायचा. "फुकटचा तंबोरा हाय बे."

मी त्यांच्यात आले ती अविनाशच्या आईमुळे, असं म्हणायला हरकत नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांनी वाजवलं तेव्हा अर्धा मांडव रिकामा झाला. काकू मात्र गावाहून आल्या होत्या आणि पिशवी मांडीवर धरून शेवटपर्यंत बसल्या. नंतर अविनाशनं विचारलं, "कसं वाटलं, आई?" त्या म्हणाल्या, "लई चांगलं. पण तोंडात काईच ऱ्हाईलं न्हाई रे. घरी जाताना काय गुणगुणू?" सलीम हसला. अविनाश नाही हसला. दुसऱ्या आठवड्यात तो मला कॅन्टीनमध्ये शोधत आला, कारण कॉलेजच्या वार्षिक अंकात माझी एक कविता आली होती. नवा अल्बम छोट्या गाण्यांचा करायचा, चाल आणि शब्द असलेला, लोकांना म्हणता येईल असा, असं त्याच्या डोक्यात होतं. मी सांगितलं, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखतात, कॉलेजात आलेली मीच पहिली, मला गाण्यातलं काही कळत नाही. तो म्हणाला, "घरी फोन केल्यावर तुझे वडील काय म्हंतेत, तेवढं सांग." वडिलांना फोनवर बोलायला जमत नाही. मी काही सांगायला लागले की ते म्हणतात, लांबून काय सांगती, जवळ येऊन सांग. अविनाशनं ते तिथल्या तिथे दोनदा म्हणून पाहिलं. आमचं पहिलं गाणं तेच झालं.

सलीमला हे मान्य नव्हतं, आणि त्याची बाजू मला तेव्हाही समजत होती. त्याच्या चाचांचा परळीत लग्नात वाजवणारा बँड आहे. तो सोडून सलीम इकडे आला, म्हणून घरात त्याच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. "चालीवरच वाजवायचं होतं तर चाचाचा बँड काय वाईट होता बे?" तो म्हणायचा. "तिथं जेवन तरी भेटत होतं." तरी तो येत राहिला. गायचंही माझ्याकडेच आलं, पण डीपीच्या सुरात माझा आवाज बसेना. खाली गेला की विरायचा. एक दिवस अविनाशनं काही न बोलता कीबोर्डचा सूर वर घेतला, माझ्या आवाजाला जुळवून. सलीमनं काठ्या खाली ठेवल्या. "हिच्यासाठी डीपी सोडला तू?" अविनाश म्हणाला, "आईसाठी." सलीम म्हणाला, "आनि मी कोनासाठी घर सोडलं?" आणि तो परळीला निघून गेला. अविनाश बराच वेळ एकच पट्टी दाबत बसला.

शेवटी सलीमनंच अविनाशला फोन केला. मी तिथेच होते. तो विचारत होता, काय ठरलं, जुनं का नवं. अविनाश म्हणाला, "फोनवर न्हाई. उद्या येऊन सांगतो." फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय सांगणार? तो हसला, "तुला बी न्हाई सांगत."

मागच्या आठवड्यात काकू कीबोर्ड घरी न्यायला शेडवर आल्या. सलीमही आला. कीबोर्ड बंद केला की त्यात लावलेला सूर पुसला जातो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी सलीमनं तो चालू केला, एक पट्टी दाबली, बाहेरच्या डीपीकडे कान लावला, परत दाबली... जुनं का नवं, त्यातून काहीच कळलं नाही. मग तो ड्रम सुटे करायला बसला. काकू म्हणाल्या, "न्यायच्या आधी एकदा ऐकवा की." मी सलीमकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. मी एकटीच ते पहिलं गाणं म्हणायला लागले, साथीशिवाय, माझ्या सुरात. पंख्याच्या आवाजाखालून डीपीची घूं पुसट चालूच होती. ती जुळत नव्हती, पण आड येत नव्हती. संपल्यावर काकू भिंतीला टेकून ओठ हलवत राहिल्या, मग थांबल्या.

"दुसरी ओळ निसटली बघ," त्या म्हणाल्या. "परत म्हन, बाई."

सलीमनं सोडवलेला स्क्रू परत आवळला. मग तो उठला, भिंतीपाशी गेला, पंखा बंद केला, ट्यूब बंद केली, आणि येऊन ड्रमच्या मागे बसला. आम्ही तिघं गप्प राहिलो, अविनाश थांबवायचा तेवढा वेळ.