चारी काठ दिसायला हवेत

अनगोळात मष्णूआण्णांचा फोटो स्टुडिओ कुठं आहे म्हणून विचारलं, तर लोक आधी हसतात आणि मग रस्ता दाखवतात. हसण्याचं कारण आण्णांचा कॅमेरा. सगळ्या जगानं फिल्म सोडून जमाना झाला, पण आण्णा अजून रोल घालतात, अंधाऱ्या खोलीत स्वतःच्या हातानं धुतात आणि वर गिऱ्हाइकालाच ऐकवतात, "चार दिस लागतील. घाई आसंल तर मोबाईल हाय की तुमच्याकडं." स्टुडिओतलं रोजचं काम त्यांचा मुलगा स्वरूप डिजिटल कॅमेऱ्यावर करतो आणि घर त्यावर चालतं. आण्णांना हे पक्कं ठाऊक आहे, फक्त स्वरूपच्या तोंडावर ते कधी म्हणत नाहीत.

आण्णांचा कॅमेरा रेंजफाइंडर जातीचा. त्यात भिंगातून बघायचं नसतं. वर एका कोपऱ्यात बारकी खिडकी असते, तिला डोळा लावायचा. आत पांढऱ्या रेषांची चौकट दिसते. रेषांच्या आत येईल ते फोटोत, बाहेर राहील ते बाहेर. सोपं काम आहे, पण ते बिनचष्म्याच्या माणसाला. आण्णांच्या नाकावर विसाव्या वर्षापासून चष्मा आहे, आणि त्रेसष्टाव्या वर्षी त्याच्या काचा चांगल्याच जाड झाल्यात. काच मधे आली की डोळा खिडकीपासून लांब राहतो. मधलं सगळं स्वच्छ दिसतं आणि चौकटीच्या कडा मात्र नाहीशा होतात.

आणि कडांशिवाय आण्णांचं पान हलत नाही. उमेदीच्या काळात शहापूर-वडगावच्या विणकरांच्या साड्यांचे फोटो काढून त्यांनी स्टुडिओ उभा केला. तिथला म्हातारा विणकर साडी हातात आली की आधी दोन्ही काठ बघायचा, पदर आणि अंग त्यानंतर. "काठ चुकला तर आत सोनं विणून उपेग न्हाय," असं तो सांगायचा. आण्णांनी ते साडीपुरतं न ठेवता सगळ्या धंद्याला लावलं. तरीसुद्धा आयुष्यात एकदा त्यांचा काठ चुकला, आणि नेमका घरच्या फोटोत.

कंग्राळीच्या बाजूला आण्णांचं गाव. तिथली लक्ष्मीची जत्रा मोठ्या अंतरानं भरते, मागची सतरा वर्षांपूर्वी झाली होती. जत्रेला दिल्या घरच्या सगळ्या लेकी परत येतात. देवी गदगेवर, म्हणजे जत्रेच्या मांडवातल्या चौथऱ्यावर बसली, की दुसऱ्या दिवशी आण्णांच्या घरी अंगणात अख्ख्या भावकीचा एक फोटो निघतो. एकच. तो सोप्यात आधीच्या फोटोंशेजारी टांगला जातो आणि मग कुणी हलवत नाही. सतरा वर्षांपूर्वीच्या त्या फोटोत सदतीस माणसं सुरेख आली होती. अडतिसावी जयाआक्का, आण्णांची थोरली बहीण, डाव्या कडेला कापली गेली. तिचं कोपर आणि पदराचं टोक एवढंच आलं.

आण्णांनी कारण तेव्हाच शोधून काढलं. चष्म्यामुळे दोन्ही कडा एकदम दिसत नव्हत्या, म्हणून त्यांनी डोळा डावीकडे सरकवून डावी रेष बघितली, मग उजवीकडे सरकवून उजवी बघितली. तेवढ्यात हातातला कॅमेराही केसभर उजवीकडे फिरला असणार आणि आक्का बाहेर गेली. भावकीनं त्यांना सोडलं नाही. कुणाचं लग्न असो, बारसं असो, "आण्णा, माणसं मोजून घ्या बरं" हे ठरलेलं. जयाआक्का मात्र एका शब्दानं बोलली नाही. आण्णांनी माफी मागायला तोंड उघडलं की ती म्हणायची, "जाऊ दे रं. फोटूच तो." तिचा हा मोठेपणा आण्णांना भावकीच्या टोमण्यांपेक्षा जास्त टोचायचा.

यंदा पुन्हा जत्रा आली. आक्का आता एकाहत्तरची. बोरगावहून यायचं म्हणजे तिला गुडघे धरून एसटीची पायरी चढावी लागते. पुढच्या जत्रेचं कुणी सांगावं? यंदा आक्का फोटोत अख्खी आलीच पाहिजे, एवढं एकच आण्णांनी धरलं होतं. दिवाळीपासूनच ते कामाला लागले.

"आण्णा, माझा कॅमेरा घ्या की. मागं पडद्यावर सगळं दिसतंय," स्वरूप म्हणाला.

"त्या सोप्यात तीन फोटू हायत. तिन्ही फिल्मचं," आण्णा म्हणाले. "चौथा तुझ्या पडद्यावरचा लावू व्हय?"

बोलणं संपलं. बापाचा हा आवाज स्वरूपच्या ओळखीचा होता.

आधी आण्णांनी चष्मा काढून बघितलं. खिडकीवर चष्म्याच्या नंबराची बारकी काच बसवता येते, ती मागवली. आतलं चित्र झकास दिसलं. पण कॅमेरा खाली घेतला की समोरची भाची कोणती आणि म्हैस कोणती हे कळेना. चाळीस माणसांना नावानं हाका मारून उभं करायचं म्हणजे चष्मा हवाच. घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा, असं करताना कुणाच्या तरी पायाखाली जायचा. ती काच आण्णांनी डबीत टाकून दिली.

मग ते खडेबाजारच्या बोळात नागेंद्रकडे गेले. नागेंद्र जुने कॅमेरे दुरुस्त करतो, विकतो, आणि कन्नड-मराठी मिसळून तासभर बोलू शकतो. त्यानं टेबलावर एक देखणा कॅमेरा ठेवला.

"आण्णा, तुमच्या डोळ्याला हाच करेक्ट. याची खिडकी, फाइंडर, पॉइंट एट फाइव्हची. सगळं मोठ्ठं दिसतंय, नोडरी, बघा!"

नागेंद्रचं काही चुकलं नव्हतं, सगळे असंच समजतात. नजर कमजोर, तर मोठं दाखवणारी खिडकी घ्या. डोळ्यांच्या डॉक्टरच्या पाटीवर अक्षरं वाचायची असती, तर आण्णांनीही तोच घेतला असता. त्यांनी खिशातून लाल सुताचे चार तुकडे काढले, नागेंद्रच्या समोरच्या भिंतीवर चार कोपऱ्यांत चिकटवले आणि मागे सरकून चौकटीच्या रेषा बरोबर त्या सुतांवर येतील असे उभे राहिले. चष्मा नाकावर, डोळा सरळ, मान हलवायची नाही.

"दोनच दिसत्यात," त्यांनी जाहीर केलं. "आणि ती बी अर्धी."

"सरकून बघा की जरा."

"सरकून बघूनच सतरा वर्षं शिव्या खाल्ल्यात. दुसरा काढ."

दुसरा कॅमेरा त्यांच्या जुन्यासारखाच निघाला, तीन सुतं दिसली आणि चौथं लपलं. नागेंद्रनं नाराजीनं कपाट उघडून तिसरा काढला. अंगावर ओरखडे होते, कातडं एका जागी सुटलेलं. फाइंडर पॉइंट फाइव्ह एटचा. "यात सगळं बारीक दिसतंय आण्णा. तुम्हाला न्हाय चालणार."

आण्णांनी डोळा लावला. भिंत लहान झाली होती, पण चारही सुतं चारही कोपऱ्यांत एकदम दिसत होती. शिवाय रेषेच्या बाहेरची थोडी भिंतही दिसत होती, तिच्यावरचं कॅलेंडर, बाजूचा खिळा. आण्णांनी मुद्दाम चारदा कॅमेरा खाली घेतला आणि चारदा लावला. चारही वेळा चार सुतं.

"मला बारीक दिसलं तर चालतंय. थोडं दिसून चालत न्हाय," ते म्हणाले.

खिडकीच्या कडेचा धातू चष्म्याच्या काचेवर गोल ओरखडा पाडतो हे आण्णा दोन चष्मे घालवून शिकले होते. घरी येऊन त्यांनी सायकलच्या ट्यूबची बारीक चकती कापली आणि खिडकीभोवती चिकटवली. मग तीन रोल गल्लीतल्या पोरांवर आणि कोंबड्यांवर खर्च केले. एकाही फोटोत काठ चुकला नाही. जत्रेला जाताना आण्णांचा रुबाब नवरदेवाला लाजवील असा होता.

फोटोच्या सकाळी अंगण भरलं. पुढं खुर्च्यांवर सवाष्णी, हिरव्या चुड्यांनी कोपरापर्यंत हात भरलेल्या. मागं पुरुष, खाली पोरं. जयाआक्का डाव्या कडेला उभी होती, मागच्या वेळेसारखीच.

"आक्का, खुर्चीवर बस की मधी," आण्णा म्हणाले.

"हितंच बरं हाय. गुडघं वाकत न्हाईत."

आण्णांनी वाद घातला नाही. उलट त्यांना ते आवडलं. त्याच जागेवर आक्का अख्खी येईल, म्हणजे हिशोब चुकता. त्यांनी डोळा लावला. चारही रेषा स्वच्छ. डाव्या रेषेच्या आत चांगली वीतभर जागा सोडून आक्का. आण्णांनी नेहमीच्या खणखणीत आवाजात मोजायला सुरुवात केली.

"एक... दोन..."

दोन म्हणताच आक्का हलली. सगळ्यांची नजर कॅमेऱ्यावर होती, त्यामुळे कुणाला दिसलं नाही. तिनं पदर सावरला आणि हळूच एक पाऊल डावीकडे टाकलं, रेषेच्या पलीकडे. जुन्या खिडकीत ती जागा आण्णांना कधीच दिसली नसती. इथं ती लख्ख दिसत होती. खाली मान घालून रेषेबाहेर थांबलेली त्यांची बहीण तिथं उभी होती.

आण्णांचं बोट बटणावरच राहिलं.

मागची जत्रा आली तेव्हा आक्काच्या नवऱ्याला, दाजींना जाऊन वर्षही झालं नव्हतं. हे आण्णांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी ते कधी फोटोशी जोडलंच नव्हतं. सतरा वर्षं ते आपल्या चष्म्याला आणि आपल्या हाताला बोल लावत राहिले. त्यांना सणसणून राग आला. कुणाचा ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

कॅमेरा खाली घेऊन ते आक्काजवळ गेले. "मागच्या टायमाला बी तूच सरकलीस न्हवं?"

आक्का इकडंतिकडं बघत दबक्या आवाजात म्हणाली, "हळू बोल रं. देवीचं दिस हायत. भरल्या सवाष्णींच्यात माझं काय काम? बाजूला म्हणून उभारले."

"आणि मी शिव्या खात व्हतो त्या?"

"सांगितलं आसतं तर तू मला वडून आत घेतलं आसतंस." तिचे डोळे भरले. "मग कुणीतरी कायबी बोललं आसतं."

"ये आत."

"न्हाय मष्णू. नगं."

आण्णांना तिचा हट्ट लहानपणापासून माहीत होता. ते मागे फिरले आणि साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असे ओरडले, "ऐका! खुर्च्या उचला. सगळी आक्काकडं सरका. मालू, तू तिच्या पल्याडच्या अंगाला जा."

कुणाला काही कळलं नाही. कळलं ते फक्त मालुबाईंना. त्या आण्णांच्या बायको, घरातल्या सगळ्यांत थोरल्या सवाष्ण. आक्का सरकताना त्यांनाही दिसलं नसेल, पण नणंदेचा चेहरा त्यांना आता दिसत होता. त्या उठल्या, आपली खुर्ची स्वतः उचलली आणि आक्काच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवली. चुड्यानं भरलेल्या हातानं त्यांनी आक्काचा मोकळा हात धरला आणि तो सोडला नाही. मग धाकट्या जावा उठल्या, सुना उठल्या, त्यांच्यातली करिष्मा आपलं तान्हं घेऊन पलीकडे गेली, पुरुष मागून वळसा घालून गेले. धूळ उडाली, पोरं ओरडली, एक खुर्ची मोडली.

जयाआक्का जागची हलली नव्हती. सगळं घर तिच्या दोन्ही बाजूंना येऊन उभं राहिलं होतं.

आण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि डोळा लावला. चारही रेषा थोड्या पाण्यात भिजल्यासारख्या दिसत होत्या, पण चारही दिसत होत्या.

या वेळी त्यांनी मोजलं नाही. सरळ बटण दाबलं.