वर्तुळातली मोकळी जागा

कांबळेकाका गेल्याचा हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी आमच्या नेरूळच्या सोसायटीत गच्चीला कुलूप लावण्याची नोटीस टाइप करत होते. कोणालाही न विचारता. मी सेक्रेटरी, किल्ली माझ्याकडे, विषय संपला. फोन ठेवला आणि पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की ही नोटीस वाचून काकांनी चष्मा कपाळावर सरकवून नुसतं पाहिलं असतं माझ्याकडे... त्याला आता दीड महिना झाला. गच्ची उघडीच आहे.

काका आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. आयुष्यभर एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. कधी न पाहिलेल्या गावांवरून आपण नकाशात रेघा ओढल्या, असं स्वतःच सांगायचे. रेघ ओढायला मिनिट पुरतं, पण ती ज्याच्या दारातून जाते त्याला कोणी विचारत नाही, एवढं त्यांचं सत्तेबद्दलचं तत्त्वज्ञान. निवृत्तीनंतर दर शनिवारी सकाळी त्यांच्या घरी आमचं अभ्यासमंडळ भरायचं. विषय अहिंसा आणि सत्ता. अध्यक्ष नाही, मतदान नाही, आणि एकाचाही विरोध असला तर ठराव पुढच्या शनिवारी. मला हुकूम सोडायची सवय, त्यामुळे जाम वैताग यायचा. एकदा मी म्हटलं, मग सगळी सत्ता गावांनाच देऊन मोकळे व्हा की. काका मराठवाड्यातल्या बौद्ध वस्तीतले. शांतपणे म्हणाले, "ताई, विहिरीवर आमची पाळी कधी, हे आमचं गावच ठरवायचं. सत्ता राजधानीत असो की पारावर, ज्याला विचारलं नाही त्याला ती सारखीच लागते." मी ते वहीत लिहून घेतलं. असं फारसं घडत नाही.

आणि याच माणसाच्या हातून चूक झाली. काही वर्षांपूर्वी दिवाळे गावातल्या कोळणींनी खाडीकाठी उघड्यावर मासळी सुकवू नये, अशी नोटीस आली होती. काकांना कचेरीची भाषा यायची. चार खेटे घालून त्यांनी तडजोड मिळवली, की जागा राहील, फक्त वर पत्र्याचं छप्पर घालायचं. आम्ही पेढे घेऊन गेलो. हिराबाई त्यांच्यात सगळ्यांत थोरली. पेढा हातात धरून ती म्हणाली, "कांबलेभाऊ, बोंबील उनात सुकतो. छपराखाली सडंल. तुमी आमाला इचारलंत काय?"

काकांचा तो चेहरा मी विसरणार नाही. पुन्हा एक रेघ ओढली गेली होती, आणि तीही त्यांच्याच हातून. त्यांनी सबब सांगितली नाही. तडजोड माझी आहे, या बायकांची नाही, ती रद्द समजावी, असं दुसऱ्याच दिवशी कचेरीला लिहून दिलं. बायकांनी नेहमीसारखी मासळी पसरली आणि काका शेजारी स्टूल टाकून पाच दिवस उन्हात बसले. साहेब आले, पुढारी कोण म्हणून विचारू लागले. कोणी आवाज चढवला नाही आणि कोणी जागचं हललंही नाही. मग काकांनी आपलं जुनं कर्कटक काढून निवेदनाच्या कागदावर वर्तुळ आखलं. सह्या त्याच्या कडेने घेतल्या, म्हणजे पहिलं नाव कोणाचं ते कळायला नको. चार बोटं जागा मात्र मोकळी सोडली. ज्याला अजून विचारलं नाही, त्याची ती जागा, असं म्हणाले. नोटीस तेव्हा थंडावली.

काका गेल्यावर पंधरा दिवसांत नवी नोटीस आली. त्याच जागेवर आता फिरायला ट्रॅक करायचाय, आणि कचेरी एकाच प्रतिनिधीशी बोलणार. शनिवारी सगळे म्हणाले, ताई, तुम्हीच अध्यक्ष व्हा. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत माझ्या एकटीच्या सहीचं पत्र तयारही झालं. ते दाखवायला काकूंकडे गेले. त्यांनी ते वाचलं, आत जाऊन कर्कटक आणलं आणि विचारलं, "मग हे आता लागणार नाही ना?"

पत्र मी तिथेच फाडलं. काका गेल्यापासून पहिल्यांदा रडले तेही तिथेच.

दुसऱ्या दिवशी दिवाळे गावात जाऊन वर्तुळ आखलं. सह्या झाल्या, अंगठे झाले. मोकळ्या जागेत काकांचं नाव लिहायला मी पेन टेकवलं, तर हिराबाईने हात धरला. म्हणाली, ही जागा त्याची नाय. ज्यांना इचारलं नाय त्या थितं हायेत. पलीकडे रोजाने मासळी पसरणाऱ्या बायका होत्या, सगळ्या बाहेरगावाहून आलेल्या. आम्ही उठून त्यांच्यात जाऊन बसलो. त्यातली एक म्हणाली, "मासळीला छप्पर नको, पर आमाला दुपारी लेकरं निजवायला सावली पायजे. ते लिवा, मग अंगठा देते."

काकांनी तडजोडीत घेतलेलं छप्पर कोणालाच नको होतं, असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो.

पत्र अजून गेलेलं नाही. येत्या शनिवारी या बायकांसकट पुन्हा बसायचंय, या वेळी खाडीवरच. कचेरीने दिलेली मुदत त्याआधी संपते. संपू दे. ट्रॅकची आखणी करायला माणसं आली, तर आम्ही सगळ्या मासळीशेजारी बसलेल्या असू. पुढारी कोण म्हणून विचारलं, तर दाखवायला कागद तयार आहे. कर्कटक माझ्या पर्समध्ये आहे आणि वर्तुळातली चार बोटं जागा अजून मोकळी आहे.