सणसरचा जन्म, वडगावची नात

१२ जानेवारी १९९४. जुलै ते डिसेंबरच्या जन्ममृत्यूंची फेरतपासणी करायला सकाळच्या एसटीने पुण्याहून निघाले. बारामतीपुढे गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडली. सणसरला उतरले तेव्हा ऊन चढले होते.

आमचा हिशेब साधा. हजार माणसांमागे वर्षात जन्मले किती, हा जन्मदर. गेले किती, हा मृत्युदर. पहिल्यातून दुसरा वजा केला की नैसर्गिक वाढ. स्थलांतर वेगळे. कारखान्यालगतच्या कोप्यांत (पाचटाच्या झोपड्या) ऊसतोडीची माणसे होती. ती हंगामापुरती, म्हणून सणसरच्या लोकसंख्येत नाहीत.

नोंदी ठेवणाऱ्या गुरुजींनी जन्म फारच दाखवले होते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकींची मुलेही त्यांनी गावात धरली होती. मूल मोजायचे ते आईच्या कायमच्या राहत्या गावी. मी एकेक नाव खोडत घरोघर फिरले.

"आमची तेवढी ऱ्हाऊ द्या, बाई," हौसाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "बारशाला सासरचं कुत्रं बी फिरकलं न्हाय."

त्यांची लेक मंगल बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. सासर वडगाव निंबाळकर. तेही गाव माझ्याकडेच होते.

"परत जाणार ना वडगावला?" मी विचारले. "तर बाळ तिकडं लिहायचं."

घरात हा प्रश्न कोणी काढला नसावा. हौसाबाईंचे हात थांबले.

"त्यांनी आमाला घरात धरलं असंल तर जाईन," मंगल म्हणाली. "तुमी इचारणार व्हय तितं? मग मला सांगा."

ते नाव तसेच ठेवले. गरम भाकरी आणि खरडा (तव्यावर रगडलेली मिरची) खाऊन दुपारी वडगाव गाठले. मंगलचे सासरे, तात्या, गोठ्यात दुधाच्या किटल्या धूत होते.

"घरात माणसं किती, तात्या?"

"पाच. आमी दोघं, पोरगं, सून, नात."

"नात पाहिलीत?"

"न्हाय. नात झाल्याची साखर व्याह्यानं स्वतः घिऊन यायचं का न्हाय? ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडी निरोप धाडला! ही काय रीत झाली?"

"मग मोजता कशी?"

"राग व्याह्यावर हाय. पोरीवर कशाला?"

आतून त्यांच्या बायकोने विचारले, "बाई, नाक कुणावर गेलंय वो तिचं?"

"पाहिलं नाही."

"मोजाय जाता आन् बघत न्हाय व्हय!"

मुक्काम बारामतीत केला. तक्त्यात एक आकडा एका गावातून उठून दुसऱ्यात बसणार होता. तालुक्यांच्या बेरजेत तो कोणाच्या लक्षातही येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याची गाडी लागलेली असताना मी इंदापूरची धरली आणि सणसरला उतरले. हौसाबाईंना साखरेचे सांगितले. ते माझ्या कामात बसत नव्हते. बाळाचे नाक नीट पाहून घेतले. मग मंगलसमोर बसून सणसरच्या यादीतल्या बाळाच्या नावावर रेघ मारली.

"खोडलं?" तिने विचारले.

"खोडलं."

ती उठली आणि दोरीवरची दुपटी गोळा करू लागली.