जाफर आपरेटरचा सीन

मुरुममध्ये जाफर आपरेटरचं घर कुठं म्हणून विचारलं तर शेंबडं पोरसुद्धा हात धरून नेऊन सोडेल. टॉकीज बंद पडून अठरा वर्षं झाली. तिथं आता सोयाबीनची पोती रचलेली असतात. पण जाफरभाईंच्या नावाला चिकटलेलं 'आपरेटर' काही सुटलं नाही. माणूस किडमिडीत, दाढी पांढरी आणि आखूड, उजव्या हाताच्या बोटांवर मशीनच्या चटक्यांचे जुने डाग. अडतीस वर्षं त्यांनी केबिनच्या भिंतीतल्या वीतभर खिडकीतून पिक्चर बघितले. बघितले म्हणजे काय, तर रीळ कधी बदलायचं तेवढं बघितलं. एकाही पिक्चरची गोष्ट विचाराल तर धड सांगता यायची नाही.

त्यांच्या बायकोचं, नसीमबीचं, नेमकं उलटं. तिनं सगळे पिक्चर बघितले, पण बायकांच्या बाजूला, एकटीनं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती म्हणाली होती, एकदा तरी शेजारी बसून बघू या. जाफरभाई म्हणाले, बघू की, पण मशीन कोण तुझा बाप चालवेल? तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. पण शो सुटल्यावर घरी येताना ती दोन पावलं मागं चालायची आणि पिक्चरची सगळी गोष्ट नवऱ्याला सांगायची. जाफरभाईंना आपल्याच टॉकीजचे पिक्चर कळले ते असे, बायकोच्या तोंडून. घरात दोघं दखनी बोलतात, पण तुम्हा-आम्हाला कळावं म्हणून मी मराठीतच सांगतो.

तर, या माणसाची एक गंमत आहे, ती आधी सांगायला हवी. पहिला शो सहाचा, आणि आलूर बाजूची शेवटची एसटी नऊला. पिक्चर लांबडा असला की निम्मं पब्लिक खुर्चीच्या कडेला येऊन बसायचं, एक डोळा पडद्यावर, एक दारावर. गाडी चुकली की दोन-तीन कोस पाय तुडवत जा. मालक म्हणाले, जाफर, थोडं कापत जा. आता कापायचं तरी काय? गाणं कापलं तर लोक खुर्च्या मोडतात, फाइट कापली तर आपरेटरला मोडतात. मग जाफरभाईंनी शेंडाच कापायला सुरुवात केली. गोष्ट जरा बऱ्या जागी आली की तिथं थांबवायची. कुठल्याशा जुन्या पिक्चरचा, 'समाप्त' लिहिलेला पाच-सहा हात फिल्मचा तुकडा त्यांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवला होता, तो तिथं चिकटवायचा. पब्लिक खूश, एसटी खूश. फिल्मची पेटी परत पाठवताना शेंडा पुन्हा होता तसा जोडून द्यायचा. कुणाला म्हणून पत्ता लागला नाही.

एकदा एका आईचा पिक्चर लागला. आई दवाखान्यात, मुलगा लांबून धावत येतो, हाक मारतो, आई डोळे उघडते. पुढं ती मरते आणि पंधरा मिनिटं रडारड चालते. जाफरभाईंनी डोळे उघडल्यावर 'समाप्त' लावलं. गल्लीतल्या विठाबाईनं, म्हणजे विठाक्कानं, तो पिक्चर तीनदा बघितला. तिची स्वतःची आई तेव्हा सोलापूरच्या दवाखान्यात होती. पुढं सोलापूरची नणंद म्हणाली, अगं ती म्हातारी मरते. त्यावरून दोघी सहा महिने बोलत नव्हत्या. नंतर कधीतरी तो पिक्चर टीव्हीवर आला आणि आई सगळ्या गल्लीदेखत मेली. विठाक्कानं पदर खोचला आणि सांगून टाकलं, "टीव्हीवाल्यांनी वाढवलंय मेल्यांनी. आमच्या टॉकीजला जगली हुती." जाफरभाई तेव्हा तिथंच बसले होते. ते जमिनीकडं बघत राहिले.

आता खरी गोष्ट. दोन वर्षांमागं मुरुमच्या स्टँडवर एका मराठी पिक्चरचं शूटिंग आलं. हिरो शहरातनं येतो, त्याची शेवटची गाडी चुकते, आणि बाकड्यावरचा एक म्हातारा त्याला घरी जेवायला बोलावतो, असा एक सीन होता. म्हातारा हवा होता. जाफरभाई हॉटेलात चहा पीत होते, त्यांना उचललं. एकच वाक्य होतं, "शेवटची गाडी गेली, बाबा. चल, घरी जेवून घे." शेवटच्या गाडीसाठी ज्यानं जन्मभर पिक्चर कापले त्याच्या तोंडी हेच वाक्य यावं, याला काय म्हणावं! अकरा वेळा बोलून घेतलं. नसीमबी भिंतीला टेकून, पाण्याची बाटली छातीशी धरून दिवसभर उभी होती. डायरेक्टर म्हणाले, चाचा, लई भारी.

घरी येताना जाफरभाई तिला म्हणाले, "मशीन आता दुसरं कुणीतरी चालवंल. हा पिक्चर तुझ्याशेजारी बसून बघायचा." त्या दिवशी नसीमबी दोन पावलं मागं चालली नाही.

पुढं दीड वर्ष गावानं त्या वाक्याचा चोथा केला. कुणाची एसटी चुकली की पानटपरीवरनं आवाज यायचा, चल बाबा, घरी जेवून घे. पिक्चर लागला तेव्हा सोलापूरला दिलेल्या लेकीनं, मिनाजनं, मोबाईलवरच अकरा तिकिटं काढली, रविवारची सकाळची. गल्लीतनं क्रूझर जीप निघाली. टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडणारा शंभुलिंग, जाफरभाईंचा जन्माचा दोस्त, इस्त्रीचं धोतर नेसून पुढं बसला. विठाक्काला गुडघ्यांमुळं येता येईना. ती म्हणाली, माझ्या वाटणीचं डोळं भरून बघा आणि आल्यावर सगळं सांगा. म्या हार करून ठेवते.

सोलापूरच्या त्या थेटरात धपाटे आणि शेंगाची चटणी दारातच अडवली. आत गारठा असा की शंभुलिंगनं उपरणं डोक्याला गुंडाळलं. जाफरभाईंनी सवयीनं मान मागं वळवून केबिनची खिडकी शोधली. मग समोर बघितलं. शेजारी नसीमबी. तिनं निकाहातल्यासारखा दुपट्टा नीट केला होता, आणि जाफरभाईंना आपल्याच बायकोशेजारी बसायची लाज वाटायला लागली.

पिक्चर तसा रडकाच होता. हिरो गावात येतो आणि अर्धा तास नुसता बघतच राहतो. शंभुलिंग घोरायला लागला होता, त्याला मुरुमचं स्टँड दिसल्यावर मिनाजनं हलवून जागं केलं. अकरा माणसं एकदम पुढं सरकली. तेच लिंबाचं झाड, तेच बाकडं. हिरो पळत आला, गाडीची धूळ बघत थांबला, बाकड्याकडं वळला. आणि पुढच्या क्षणी तो शहरात आपल्या खोलीत बसून चहा पीत होता.

बाकीचे वाट बघत राहिले. म्हणाले, येईल, आता येईल. पण जाफरभाईंना कळायचं ते कळलं होतं. अडतीस वर्षं ज्यानं फिल्म कापली आणि जोडली त्याला कात्री कुठं लागली ते कुणी सांगायला लागतं होय? इंटरव्हलला शंभुलिंगनं विचारलं, "पुढं हाय ना रे?" जाफरभाई म्हणाले, असंल की. आणि मग सव्वा तास ते खोटं मांडीवर घेऊन बसले. नसीमबीकडं बघायची हिंमत झाली नाही.

पिक्चर संपला. नावं पळायला लागली. मिनाज उभी राहून वाचत होती. बापाचं नाव नव्हतं. शेवटी 'आभार : समस्त ग्रामस्थ, मुरुम' एवढं आलं, तोवर झाडूवाले आत आले होते. मग गाड्या लावायच्या जागेत क्रूझरच्या सावलीला बसून सगळ्यांनी धपाटे खाल्ले. चटणी चांगली झाली होती. त्याबद्दल फार बोलणं झालं.

परतीच्या वाटेवर नळदुर्ग मागं पडल्यावर जाफरभाई म्हणाले, "माझ्यापायी तुमचा रविवार वाया गेला. माफ करा." शंभुलिंगनं नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मुरुम येईपर्यंत काढला नाही. जाफरभाईंना पिक्चरवाल्यांचा राग येत नव्हता. सीन लांबला असेल, कापला असेल. आपण किती जणांचे कापले. त्यांना भीती होती ती गल्लीची. दीड वर्ष आपण मिरवलं, आता विठाक्का विचारेल तेव्हा काय सांगायचं? मी नव्हतोच म्हणून?

ऊन कलायच्या आत गाडी गल्लीत आली. विठाक्का ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर झेंडूचा हार, शेजारी निरांजनाचं ताट. चार बाया भोवती. हार बघून जाफरभाईंचे पाय गाडीच्या पायरीवरच अडले. आता सांगून मोकळं व्हावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात नसीमबी त्यांना कोपरानं बाजूला सारून पुढं गेली. आणि तिनं सांगायला सुरुवात केली.

जन्मभर पिक्चरची गोष्ट सांगितलेली बाई ती. ओट्यावर बसली, गुडघे जवळ घेतले आणि सगळं सांगितलं. हिरो पळत येतो, गाडी जाते. बाकड्यावर हे बसलेले, तो तपकिरी स्वेटर, बाहीला उसवलेला. आधी ते बोलतच नाहीत. हिरो रडवेला होतो. मग हे उठतात, त्याच्या खांद्याला हात लावतात, एकदाच, असा. आणि म्हणतात. ते वाक्य तिनं असं म्हटलं की ओट्यावरच्या चारही बायांनी पदर तोंडाला लावले. क्रूझरमधले बाकीचे खाली उतरून गप उभे होते. मग शंभुलिंग खाकरला आणि म्हणाला, "शिट्ट्या पडल्या की हो. सोलापूरच्या पोरांनी." ड्रायव्हर गाडीतच बसून होता, थेटरात त्यानं पाऊलही टाकलं नव्हतं. तोही म्हणाला, लई शिट्ट्या.

विठाक्कानं ओवाळलं, हार घातला. जाफरभाई मान खाली घालून उभे राहिले. लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम, आणि डोळ्यांतनं पाणी कशाचं येतंय ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरात शिरल्यावर त्यांनी दार लावलं आणि बायकोवर उखडले. पाच वक्ताची नमाजी बाई, आणि भर गल्लीत एवढं खोटं? नसीमबी स्टोव्हवर चहा ठेवत होती. मागं न वळता म्हणाली,

"म्या खोटं कुठं बोलले? शूटिंगला म्या भिंतीपाशी हुते की. अकराच्या अकरा डाव बघितलंय. पिक्चरवाल्यांनी न्हाय बघितलं, त्यांचं नशीब."

जाफरभाई कॉटवर बसले. म्हणाले, तुझ्याशेजारी बसून बघायचं म्हणालो, तर हे असं झालं. नसीमबीनं कपबशी पुढं ठेवली आणि म्हणाली, बसले हुते की शेजारी. चव्वेचाळीस वर्षं थांबले हुते, ते आज झालं. पिक्चर कसला का असंना.

तीन महिन्यांनी तो पिक्चर टीव्हीवर आला. दुपारची वेळ, विठाक्काच्या घरात अर्धी गल्ली जमली. जाफरभाईंना बळंच आणून बसवलं. त्यांना पळून जावंसं वाटत होतं. स्टँड आलं, लिंब आला, हिरो बाकड्याकडं वळला, आणि खोलीत चहा पिऊ लागला. कुणीतरी जाफरभाईंकडं बघितलं. विठाक्कानं रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"टीव्हीवाल्यांनी कापलंय मेल्यांनी," ती म्हणाली. "थेटरात हुतं."

ती थेटरात गेली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी माना हलल्या. व्हय व्हय, टीव्हीवाले कापतातच. चहा झाला, माणसं पांगली. जाफरभाई शेवटी उठले तसं विठाक्कानं त्यांना बस म्हटलं. बराच वेळ ती गुडघे चोळत राहिली.

"जाफर," ती म्हणाली, "ती माय मेली हुती, व्हय ना? त्या पिक्चरमधली."

जाफरभाईंनी हो म्हणून मान हलवली. चाळीस वर्षांनी पहिल्यांदा.

"मला तवाच कळलं हुतं. नणंद काय खोटं बोलंल? पण माझी माय दवाखान्यात पडली हुती. तिला बघायला गाडीत बसले तवा डोळ्यांपुढं तुझ्या पिक्चरमधली माय हुती, डोळं उघडणारी. माझी चार दिसांनी गेली. पण ते चार दिस मला तू दिलंस बाबा." तिनं पदरानं नाक पुसलं. "आता तुझं कुणीबी कापू दे. या गल्लीत न्हाय कापायचं."

तेवढ्यात नसीमबी दारात आली आणि म्हणाली, चला, दुपार टळून गेली, घरी जेवून घ्या. विठाक्का हसली. जाफरभाई उठले आणि दोघं शेजारी शेजारी चालत घरी गेली.