पहिली ओंजळ मोहाची

लेक आपल्यापासून तुटली की काय, ही भीती त्या उन्हाळ्यात मला खात होती. दहावीचे पेपर आटोपून ती होस्टेलातून घरी आली ती तोंडाला कुलूप लावूनच. मी आमच्या गडचिरोलीकडच्या जंगलगावात अंगणवाडी चालवते. लोकांची लेकरं दिवसभर मांडीवर घेते, पण स्वतःच्या पोरीला जवळ घ्यायचं म्हटलं की हात आखडतो. आमच्या घरात माया ताटात वाढतात, बोलून दाखवत नाहीत. मीही तशीच वाढले. माझं काय अडलं, असं मी ठसक्यात म्हणायची.

मोहाची फुलं वेचायला पहाटेच दोघी निघालो. आमच्याकडे आपापल्या झाडाखाली वेचता वेचता हाक देत राहतात. 'ओ' आली म्हणजे माणूस सुखरूप. पहिल्या हाकांना तिनं ओ दिली, मग गप्प. मला वाटलं, रुसली. "ओ तं देत जा वं! तोंड झिजते का तुहं?" काही नाही. टोपली कमरेवर घेऊन मी तणतणत तिच्या झाडाकडे निघाले.

वाटेत वाघदेव आहे, शेंदराचा दगड. पहिली ओंजळ त्याला वाहायची रीत. त्या दिवशी रागाच्या भरात मी पुढे गेलेच होते, पण पाय अडखळले आणि मागे फिरले. फुलं वाहिली, आणि आमची म्हातारी माणसं बोलतात तशी देवाशी मोठ्यानं बोलले.

"देवा, पोरगी बोलत नाई माह्यासंगं. होस्टेलात सोडलं तवा मी मागं वळून पाह्यलं नाई. पाह्यलं असतं तं तिले घेऊनच आली असती. तिच्याबिगर घर खायले येते मले. मले सांगता येत नाई. तूच सांग तिले."

मला रडूच फुटलं. तिथंच बसून राहिले.

जरा वेळानं समोरच्या मोहावरून आवाज आला, "माय! गेला तो. ये आता."

पोरगी फांदीवर होती. तिच्या झाडाच्या आणि माझ्या मधल्या झुडपात वाघ बसला होता, म्हणून तिची ओ बंद. "तू अजून पुढं आली असती तं मी ओरडणारच होती. पण तू थांबली, अन् तो उठून नाल्याकडं गेला," ती म्हणाली. मग ती खाली उतरली. "देवाले सांगतलं ते सारं आयकलं मी. मले वाटे, मले टाकून तू मोकळी झाली. मलेच काऊन नाई सांगतलं, माय?"

मी तिला पोटाशी धरलं. इतकी उंच झाली होती, मला पत्ताच नव्हता.

वाघ आपल्या वाटेनं गेला, त्यात देवाचं काय, असं कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. मला न पेलणारं ओझं मी त्याच्यापुढे टाकलं, आणि त्यानं ते जिथं पोचायला हवं तिथं पोचवलं. तेव्हापासून देवाला सांगते ते लेकरालाही सांगते.

उन्हाळा सरल्यावर तिला अकरावीला चंद्रपूरला सोडलं. निघताना मी मागे वळून पाहिलं. ती होस्टेलच्या फाटकातच उभी होती. मी भर रस्त्यात हाक दिली, आणि तिनं ओ दिली.