काचेच्या आतला डाग

सई, ईशान — रविवारी व्हिडिओ कॉलवर मी भिंतीवरच्या चित्रातला डाग दाखवला, तेव्हा "कुठे काय, आजी?" म्हणून तुम्ही दोघं हसलात, त्याचा मला राग नाही. पण तुमचे बाबा मागून हळूच म्हणाले, "आईला एकदा डॉक्टरांना दाखवायला हवं." ते मी ऐकलं. माझे कान शाबूत आहेत आणि डोकंही. दिवाळीत ते इथे येऊन हे चित्र अडगळीत टाकतील, म्हणून आधीच नीट लिहून ठेवते.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही... म्हणूनच चिडचिड होते.

इथे जळगावच्या घरात, बाहेरच्या खोलीत तुमच्या आजोबांची खुर्ची असायची. केळीच्या मळ्यातून आले की तिथे बसायचे आणि उठताना भिंतीला अंगठा टेकवायचे. केळीचा चीक लागला की तपकिरी डाग पडतो, तो जन्मात निघत नाही. लिंबू, रॉकेल, सगळं घेऊन मी त्यांच्या शर्टांशी लढले. ते गेल्यावर मळा विकला, शर्ट वाटून टाकले, भिंत रंगवून घेतली. खोली स्वच्छ झाली. जरा जास्तच.

त्या कोऱ्या भिंतीसाठी धुळ्याच्या एका फ्रेमवाल्याकडून चित्र आणलं. कुणा परदेशी चित्रकाराच्या निसर्गचित्राची छापील प्रत — पिवळे चौकोन म्हणजे शेतं, जांभळा त्रिकोण म्हणजे डोंगर. माणूस एकही नाही.

आठवड्याभरात एका पिवळ्या चौकोनावर तपकिरी डाग दिसला, अंगठ्याएवढा. पुसला, निघेना. काचेच्या आतून होता! धुळ्याला परत नेलं. फ्रेमवाल्याने माझ्यासमोर काच बदलली.

"अक्का, आते बठ्ठं कोरं शे. फोडणी जरा लांब देत जा!" म्हणजे आता सगळं कोरं आहे, पुन्हा डाग पडला तर दोष माझ्या फोडणीचा.

नव्या काचेवरही आला. तिथेच. पुन्हा काच बदलून चित्र झोपायच्या खोलीत टांगलं — काही नाही. बाहेरच्या भिंतीवर आणलं, की हजर! ओल म्हणावी तर भर उन्हाळा, भिंत कोरडीठाक. आणि फोटोत, कॉलवर तो दिसतच नाही. आता मी कुणाला काय दाखवू?

आजोबांची बहीण, तुमची मुक्ताईनगरची शांताआजी आली होती. तिला दिसला. बराच वेळ बघत राहिली.

"वहिनी, हा तर भाऊचा अंगठा! जन्मभर त्याच्या डागांशी भांडलीस, भांड आता काचेतल्याशी!" म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

मला रडू आलं नाही. रागच आला. काही सांगायचं असेल तर सरळ सांगावं ना माणसाने... डाग काय पाडायचे!

बाबांना एवढंच सांगा — चित्राला हात लावण्याआधी समोर उभं राहून बघ. नाहीच दिसला, तर येईन मी डॉक्टरांकडे. कारण विचाराल तर मला अजून सापडलेलं नाही.

आज सकाळीही पुसून पाहिला. आहे.