तळटीप

वडिलांच्या बायबलला अजून डांबरगोळ्यांचा वास येतो. तो आला की कामरगावचे पत्र्याचे प्रार्थनाघर आठवते. वडील तिथे पाळक होते. एका रविवारी त्यांनी व्यभिचारात धरलेल्या बाईला येशू माफ करतो, ती गोष्ट वाचली. मग तळटीपही वाचली: सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा भाग नाही.

गावाने बदफैली ठरवलेल्या शेवंताबाईने ही गोष्ट ऐकूनच बाप्तिस्मा घेतला होता. ती उभी राहिली. "पास्टरसायब, मंग मले माफ कोनं केलं?"

"बस वं शेवंते," मागून कोणी हसले.

वडील तीच टीप पुन्हा वाचू लागले. शेवंताबाई निघून गेली आणि परत आली नाही.

गोष्ट ग्रंथात उशिरा आली, तरी त्या प्रसंगाची आठवण जुनी, खरी असू शकते, असेही अभ्यासक म्हणतात. हे मी वाचले, तेव्हा शेवंताबाईला पुरून बरीच वर्षे झाली होती.